यात्रेच्या वाटेवर सावली हवी

चैत्र पौर्णिमा जवळ आली की महाराष्ट्रातले रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे पदयात्री सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी वणीच्या गडाची वाट धरतात. सासनकाठ्या नाचवत, गुलाल उधळत लोक जोतिबाचा डोंगर चढतात. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवासाठी नेलेल्या कावडी मुंगी घाटाची उभी चढण पार करतात. कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्यांवर कोळी-आगरी कुटुंबांची रांग लागते. या यात्रांची परंपरा जुनी आहे आणि त्या सगळ्या भर उन्हात येतात. ऊन मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाही. माणसेही पूर्वीसारखी दिवसभर शेतात राबून उन्हाला सरावलेली नाहीत. गर्दी मात्र वाढली आहे. म्हणून यात्रेच्या नियोजनात उष्माघाताचा विचार शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणायला हवा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा ही यात्रा नव्हती, पण तिथे जमलेला लाखोंचा समुदाय श्रद्धेपोटीच आला होता. उघड्या मैदानात, डोक्यावर छप्पर नसताना लोक तासन्‌तास बसून राहिले. त्यात १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचे तापमान विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटावे असे, अधिकृत नोंदीनुसार ३८ अंशांच्या आसपास होते. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णय योग्यच होता. पण सभा-समारंभाची वेळ बदलता येते, तशी चार-पाच दिवस चालणारी पदयात्रा एका आदेशाने बदलत नाही. तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो आणि तो शरीरापासून सुरू करावा लागतो.

माणसाचे शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपास राखण्यासाठी सतत धडपडत असते. त्यासाठी त्याच्याकडे मुख्यतः दोन उपाय असतात. एक, त्वचेकडे जास्त रक्त पाठवून आतली उष्णता बाहेर टाकणे. दोन, घाम गाळणे आणि तो वाळताना होणाऱ्या गारव्यावर निभावणे. हवा शरीराहून जास्त तापली की पहिला उपाय निकामी होतो आणि सगळी भिस्त घामावर येते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. खारघरला ३८ अंशही जीवघेणे ठरू शकले, त्यामागे किनाऱ्यालगतची हीच दमट हवा आहे. भारतीय हवामान खात्याच्या निकषांतही हा फरक दिसतो. सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, तर किनारपट्टीवर ३७ पासून. केवळ पाऱ्याचा आकडा पाहून ‘आज फारसे ऊन नाही’ असे ठरवणे म्हणूनच घातक आहे.

त्यात यात्रेची म्हणून काही खास ओझी आहेत. चालताना स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. गर्दीत माणसाला माणूस चिकटलेला असतो, त्यामुळे वारा अंगापर्यंत पोहोचत नाही. नवरात्राचा उपवास असतो. रात्री रस्त्याकडेला धड झोप झालेली नसते. स्वच्छतागृह मिळणार नाही या काळजीने अनेक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. अनवाणी पायांना डांबराचा चटका बसत असतो. वय साठीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. मानसिक आजारांवरची काही औषधे घाम कमी करतात, हे तर रुग्णाला कुणी सांगितलेलेही नसते. प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसता येते, पण यात्रेत त्या एकाच दिवशी एकाच शरीरावर येतात.

आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गळून गेल्यासारखे होते. इथे माणूस थांबला, सावलीत बसला, मीठ-साखरेचे पाणी प्याला तर बहुतेकदा सावरतो. पण आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि मेंदूवर परिणाम झाला की तो उष्माघात. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, झोकांड्या खातो, कधी झटके येतात, शुद्ध हरपते. घाम थांबला तरच उष्माघात, हा समज चुकीचा आहे. चालून-चालून उष्माघात झालेल्या माणसाचे अंग घामाने ओले असू शकते. कडक तापलेले अंग आणि बदललेले वागणे या दोन खुणा पुरेशा आहेत. उन्हात चालणारा सोबती अचानक विचित्र वागू लागला तर तो थकला असेल, दारू प्याला असेल किंवा अंगात आले असेल असे समजून सोडून देऊ नये.

यात्रेतल्या उष्माघाताचा जगातला सर्वांत मोठा अनुभव मक्केच्या हज यात्रेकडे आहे. महाराष्ट्रातूनही दरवर्षी हजारो यात्रेकरू हजला जातात, तेव्हा हा अनुभव आपल्यालाही परका नाही. १९८० च्या दशकात हज कडक उन्हाळ्यात येत होती. १९८५ मध्ये अवघ्या काही दिवसांत हजाराहून अधिक यात्रेकरू उष्माघाताने दगावले. त्याच काळात डॉ. मुस्तफा खोगली आणि डॉ. जोसेफ वायनर यांनी मक्केतल्या रुग्णांसाठी शरीर थंड करण्याची एक खास यंत्रणा विकसित केली. रुग्णाला जाळीदार खाटेवर झोपवायचे, सर्वांगावर गार पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडायचे आणि त्यावर गरम हवेचा झोत सोडायचा. गरम हवा ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्यामागे कारण आहे. त्वचा एकदम गारठली तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आतच राहते. गरम झोतामुळे त्वचा उबदार राहते, पाणी भराभर वाळते आणि शरीर आतून निवते.

त्यानंतरच्या चार दशकांत तिथे बरेच काही उभे राहिले. अराफतच्या उघड्या मैदानात सावलीसाठी सुमारे ५० हजार झाडे लावली गेली आणि ती झाडे आपल्या ओळखीच्या कडुनिंबाची आहेत. मिनामध्ये वातानुकूलित तंबूंचे नगर वसले. चालण्याच्या वाटांवर पाण्याचे तुषार सोडणारे खांब आले, काही रस्त्यांवर ऊन परतवणारा पांढरा लेप दिला गेला. हजच्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मक्केचे तापमान दर दशकाला सुमारे ०.४ अंशाने वाढत गेले, तरी उष्माघाताचे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशाने घटले आणि उष्माघात झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले. ऊन वाढत असतानाही माणसे वाचवता येतात, याचा हा ठोस पुरावा आहे.

आणि तरीही त्याच २०२४ मध्ये हजमध्ये १,३०१ मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. १७ जूनला मक्केत ५१.८ अंश तापमान नोंदले गेले होते. मग चार दशकांची तयारी कुठे कमी पडली? सरकारी माहितीनुसार मृतांपैकी ८३ टक्के यात्रेकरू अधिकृत परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणून त्यांना वातानुकूलित तंबू नव्हता, बस नव्हती. ते भर उन्हात मैलोन्‌मैल चालले. व्यवस्था होती, पण सर्वांत गरजू माणूस तिच्या बाहेर राहिला. इजिप्तने नंतर अशा यात्रा काढणाऱ्या १६ कंपन्यांचे परवाने रद्द केले. गेलेल्यांसाठी त्याला फार उशीर झाला होता.

आपल्यासाठी या घटनेचा अर्थ फार गंभीर आहे. आपल्या चैत्र यात्रांमध्ये नोंदणी नसते. कुणाला किती वय, कोणता आजार, कुठून निघाले, कुठे मुक्काम, याची कुठेही नोंद नसते. मक्केत जो विनापरवाना यात्रेकरू व्यवस्थेच्या बाहेर राहिला, त्याच्यासारखी आपल्याकडे जवळपास सगळी यात्रा असते. तिला नोंदणीच्या चौकटीत कोंबणे शक्य नाही आणि योग्यही नाही. गावागावांतून आपल्या मर्जीने निघणे हा या यात्रांचा प्राण आहे. म्हणून सावली, पाणी आणि उपचार मंदिराच्या आवारात एकवटून चालणार नाहीत. ते वाटेवर, सर्वांसाठी खुले असायला हवेत.

दुसरा फरक पंचांगाचा आहे. इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र असल्याने हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ती उन्हाळ्यातून बाहेर पडते आणि पुढची अनेक वर्षे सौम्य ऋतूंत येते. आपल्या पंचांगात अधिकमास असल्याने चैत्र ऋतूला बांधलेला आहे. जोतिबाची यात्रा कधी थंडीत येणार नाही. वणीचा चैत्रोत्सव दरवर्षी मार्च-एप्रिलच्या उन्हातच होणार. हजच्या व्यवस्थापकांना निसर्गाकडून काही वर्षांची उसंत मिळते, आपल्याला एकाही वर्षाची मिळणार नाही. तेव्हा ‘यंदा ऊन जास्त आहे’ म्हणून ऐनवेळी केलेली धावपळ उपयोगाची नाही. दरवर्षी लागणारी गोष्ट कायमचीच उभारायला हवी.

या उभारणीची सुरुवात झाडांपासून व्हावी. पदयात्रांचे मार्ग ठरलेले आहेत. रस्ते रुंद करताना त्या मार्गांवरचे जुने वड, चिंचा, कडुनिंब तोडले गेले. त्यांच्या जागी नव्याने लावलेले रोप सावली धरायला काही वर्षे घेईल, म्हणूनच ते आज लावायला हवे. तोवर दर दोन-तीन किलोमीटरवर शेडनेटचा किंवा कापडाचा मंडप, त्यात बसायला जागा, पाणी, पंखे आणि जवळच स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय असावे. शौचालय हा उष्माघात प्रतिबंधाचाच भाग आहे. ते नसले की बाया पाणी पिणे टाळतात. मंदिराजवळच्या काळ्या फरशीवर आणि पायऱ्यांवर पांढरा लेप किंवा ओल्या काथ्याचे पट्टे असावेत. दर्शनाची रांग पत्र्याखाली नेण्याने भागत नाही. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो. वर पांढरा रंग, खाली कापडी छत आणि दोन्ही बाजूंनी वाऱ्याला वाट हवी.

पाण्याचे तुषार कुठे उपयोगी आणि कुठे नाहीत, हेही जाणून घ्यावे. खानदेशातल्या कोरड्या हवेत तुषार आणि पंखे मिळून उत्तम गारवा देतात. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत त्यांचा परिणाम कमी होतो. तिथे सावली, मोकळा वारा आणि बर्फाचा साठा यांवर भर द्यावा लागतो. हवा शरीराहून तापलेली असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडणे म्हणजे गरम हवाच अंगावर घेणे. अंग आधी ओले करावे, मग पंखा लावावा.

वेळेचा प्रश्न श्रद्धेशी जोडलेला आहे, म्हणून त्याबाबत देवस्थानांनीच पुढाकार घ्यावा. तिथी बदलता येत नाही, पण दिंडीने कधी निघायचे, सासनकाठ्यांची मिरवणूक किती वाजता, दर्शन रात्रभर खुले ठेवायचे का, हे माणसांनी ठरवायचे असते. २०२४ च्या हजमध्ये सौदी प्रशासनाने दगड मारण्याचा विधी सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत न करण्यास यात्रेकरूंना सांगितले. मक्का-मदिनेच्या मशिदींतली शुक्रवारची प्रवचने त्या उन्हाळ्यात आखूड केली गेली. आपल्याकडेही बालक, वृद्ध आणि आजारी यांना व्रतनियमांत सवलत देण्याची रीत जुनी आहे. देवस्थानाच्या पुजाऱ्याने किंवा दिंडीप्रमुखाने ‘दुपारी चालू नका, औषध चुकवू नका, पाणी प्या, व्रत मोडत नाही’ असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले तर त्याचा परिणाम सरकारी फलकापेक्षा कितीतरी जास्त होईल.

उन्हाळ्यात पंढरीच्या विठ्ठलाला चंदनउटी लावली जाते. शिवाच्या पिंडीवर थेंब-थेंब पाण्याची गळती बांधली जाते. चैत्रगौरीपुढे कैरीची डाळ आणि पन्हे ठेवले जाते. देवाला उन्हाचा त्रास होऊ नये इतकी काळजी घेणारा हा समाज आहे. गाभाऱ्यातली ही काळजी दर्शनबारीपर्यंत पोहोचवणे ही याच परंपरेची पुढची पायरी ठरेल.

आता उपचाराविषयी. उष्माघातात निर्णायक गोष्ट एकच असते: आतले तापमान किती वेळ वाढलेले राहिले. पहिल्या अर्ध्या तासात ते ३९ अंशांच्या जवळ आणता आले तर रुग्ण वाचण्याची शक्यता फार मोठी असते. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, मेंदू एकामागून एक निकामी होऊ लागतात. अमेरिकेत फालमाउथ येथे दरवर्षी उन्हाळ्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत अनेक वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले गेले आणि त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. त्यावरून जगभर एक नियम रूढ झाला: आधी थंड करा, मग हलवा. आपल्याकडे नेमके उलटे घडते. बेशुद्ध यात्रेकरूला गर्दीतून वाट काढत रुग्णवाहिकेपर्यंत, तिथून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत नेले जाते आणि मोलाचा अर्धा तास रस्त्यावरच संपतो.

जागेवर थंड करायला महागडी यंत्रे लागत नाहीत. गावोगावी मिळणारी एक जाड ताडपत्री, भरपूर पाणी आणि बर्फ पुरेसा आहे. चार-सहा जणांनी ताडपत्रीच्या कडा उचलून तिला हौदासारखा खोलगट आकार द्यायचा, रुग्णाला तीत झोपवायचे, पाणी आणि बर्फ ओतायचा आणि ताडपत्री हळूहळू हलवत राहायचे. रुग्णाचे डोके सतत पाण्याच्या वर धरून ठेवायचे. या पद्धतीने शरीर वेगाने निवते, हे प्रयोगांतून दिसले आहे. बर्फ नसेल तर आहे त्या पाण्याने अंग सतत भिजवत ठेवावे, जोराने वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवावा. ‘तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतू नये’ ही आपल्याकडची समजूत उष्माघातात जिवावर बेतते. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचा इथे काहीच उपयोग नाही, उलट यकृतावर भार पडतो. खिशातला कांदा उष्माघात थोपवत नाही. १०८ क्रमांकावर फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत हात बांधून बसू नये.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये उष्माघाताच्या रुग्णाला तातडीने थंड करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात बर्फाच्या पाण्याचे टब असलेला स्वतंत्र उष्माघात कक्ष सुरू झाला. चैत्र यात्रा भरणाऱ्या प्रत्येक ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयात असा टब, गुदद्वारातून तापमान मोजण्याची सोय आणि बर्फ साठवण्याची जागा असायला हवी. कपाळावर धरायचा तापमापक इथे फसवा ठरतो. आषाढी वारीत ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमातून राज्याच्या आरोग्य विभागाने वाटेवरच वैद्यकीय पथके उभी करता येतात, हे दाखवले आहे. तेच मनुष्यबळ आणि तीच शिस्त चैत्रातही वापरता येईल. स्थानिक तरुण मंडळे, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि आशा सेविका यांना यात्रेआधी ताडपत्रीची ही पद्धत शिकवली, तर दर किलोमीटरवर प्रथमोपचार जाणणारी माणसे उभी राहतील.

अशी तयारी आधीच लिहून ठेवता येते, हे अहमदाबादने दाखवले आहे. मे २०१० मधल्या लाटेत त्या एका शहरात नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. इशारा कुणी द्यायचा, कोणत्या पातळीला कुणी काय करायचे, हे आधीच लिहून ठेवले. यात्रेलाही असा आराखडा हवा. हवामान खात्याचा इशारा आला की दिंड्या कुठे थांबवायच्या, कोणती शाळा आणि कोणते मंगल कार्यालय दुपारच्या विसाव्यासाठी उघडायचे, बर्फ कोण पुरवणार, हे यात्रेच्या महिनाभर आधी ठरलेले असावे. यात्रा संपल्यावर किती जणांना ऊन लागले, किती जण दगावले, हे प्रशासनाने जाहीर करावे. आकडा लपवला की पुढच्या वर्षीची तयारी आंधळी होते.

भाविकांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. निघण्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडे उन्हात चालावे. शरीराला उन्हाचा सराव व्हायला तेवढे दिवस लागतात. पहाटे आणि सायंकाळी चालावे, ११ ते ४ विसावा घ्यावा. सैल, फिकट, सुती कपडे, डोक्याला ओले उपरणे किंवा टोपी, पायांत चप्पल असावी. तहानेची वाट न पाहता चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे पाणी प्यावे आणि नुसत्याच पाण्यावर न राहता मीठ घातलेले ताक, पन्हे, लिंबूपाणी किंवा जलसंजीवनी घ्यावी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी पाणी, मीठ आणि गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. एकट्याने चालू नये. वयस्क सोबत्याशी अधूनमधून बोलत राहावे, कारण उष्माघात झालेल्याला स्वतःला तो कळत नाही.

उन्हाने यात्रेकरू दगावला की ‘देवाच्या दारी मरण आले, भाग्यवान’ असे म्हणून मन शांत करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या कुटुंबाच्या दुःखाला तो आधार असेल, पण व्यवस्थेने त्याआड लपू नये. खारघरचे १४ मृत्यू आणि मक्केतले १,३०१ मृत्यू यांच्यामागे सावली कुठे नव्हती, उपचार कुणापर्यंत पोहोचले नाहीत, याची ठोस कारणे आहेत आणि ती सगळी दूर करण्यासारखी आहेत. जिल्हा प्रशासन, देवस्थान समित्या आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी येत्या चैत्राची बैठक आजच बोलवावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय सावली, पाणी आणि बर्फ हाच ठेवावा.